इथेच होतो

शुद्धोबाची नजर पडली की चुकून दीर्घ झालेला उकार भीतीने शेपूट आत घेतो आणि आपसूक ऱ्हस्व होतो, असं प्राणिकोशाच्या कार्यालयात सांगत. एकदा म्हणे त्याने सहज खिडकीबाहेर पाहिलं, तर समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा जादा अनुस्वार गळून पडला आणि एका सायकलवाल्याच्या चाकाखाली फुटला. आता यात खरं किती नि खोटं किती ते त्या सायकलवाल्यालाच विचारा. शुद्धोबाचं खरं नाव मात्र कुणाच्या ध्यानात उरलं नव्हतं. प्रुफं तपासता तपासता ज्याच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या, त्याला दुसरं काय म्हणणार?

तर असा हा शुद्धोबा गेला सारा हिवाळा अजगराच्या पोटात होता.

झालं असं, की प्राणिकोश अजगरापासून सुरू होऊन होला या पाखरापाशी संपायचा. पूर्वी कागद असत, तेव्हा शुद्धोबा ज्या ओळीवर असेल तिथे पट्टी ठेवून पाणी प्यायला उठे आणि परत आला की पट्टी तिथेच असे. आता सगळा कोश संगणकात होता आणि सगळे एकाच मजकुरावर काम करत. शुद्धोबा मुंगसापर्यंत यायचा, एका स्वल्पविरामाला हात घालायचा, तेवढ्यात स्क्रीन डोळा मिटल्यासारखी मिटून उघडायची आणि समोर काय? ‘अजगर : बिनविषारी, अजस्र सर्प. भक्ष्याला विळखा घालून सावकाश गिळतो.’ कर्सर पहिल्या ‘अ’पाशी उभा, घर चुकलेल्या पाहुण्यासारखा. मग पुन्हा खाली. उंदीर मागे टाका, घोडा मागे टाका, डोळे चोळा, मुंगूस गाठा, स्वल्पविराम शोधा. सापडला की पुन्हा अजगर.

त्याचे खांदे संध्याकाळपर्यंत ओल्या गोणपाटासारखे जड होत. अजगराचं पान त्याला इतकं पाठ झालं होतं की झोपेत कुशीवर वळला तरी ‘भक्ष्याला विळखा घालून’ म्हणत वळे.

एकदा त्याने लाकडी आडोशापलीकडच्या चित्रवाल्याला विचारलं. कोशातली चित्रं आणि चित्रांखालच्या ओळी हा बसवायचा. वीज गेल्यामुळे कधी तरी त्याचं एक झेब्र्याचं चित्र वाया गेलं होतं. त्या दिवसापासून तो दर श्वासाला सेव्ह करी.

“काय हो, तुमचं पान कधी आपणहून वर पळतं का?”

“छे! मी एका वेळी एकच चित्र उघडतो, ते जिथल्या तिथे असतं. संपादकबाईंनाही विचारा हवं तर.” बाई फक्त पहिलं पान उघडून मान डोलवत, त्यांचं कुठे पळणार? चित्रवाला आडोशावरून डोकावला. “शुद्धोबा, झोप होते ना नीट? का अजगरीणबाईंवर जीव जडलाय? जेव्हा बघावं तेव्हा तिथेच!”

शुद्धोबा हसला. मग पुन्हा मुंगूस शोधायला खाली निघाला.

यंत्राला दोष द्यावा, हे त्याच्या मनातही येत नव्हतं. कारण संगणकातलं हे लिहायचं यंत्र त्याच्या लेकीने बनवलं होतं. ती ज्या कंपनीत होती तिनेच ते कार्यालयाला दिलं होतं आणि पहिल्याच दिवशी शुद्धोबाने सर्वांसमोर छाती फुगवून सांगितलं होतं, “बयोचं काम आहे. यात चूक निघाली तर ही मिशी उतरवीन!” मिशी झुबकेदार होती. म्हणजे चूक यंत्राची नाही. मग राहिलं कोण?

घरी मागच्या खोलीत त्याचे थोरले भाऊ, दादा, आरामखुर्चीत असत. दादांचीही सुरुवात अशीच झाली होती. वर्तमानपत्र वाचताना ओळ हरवायची, मग पुन्हा मथळ्यापासून. नंतर गल्ली हरवली, नंतर बायको गेल्याचंही हरवलं. आता त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली होती.

“तुला सांगितलं का, मी सायकल कशी शिकलो?” दादा म्हणत. “मित्राची सायकल. नळी उंच. टेकडीवर नेली, बसलो, उताराला लागलो, आणि...”

तेवढ्यात दाराची घंटा वाजे, नाही तर मोरीत तांब्या पडे. दादा डोळे मिचकावत आणि म्हणत, “तुला सांगितलं का, मी सायकल कशी शिकलो?”

उताराच्या पुढे काय झालं, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शुद्धोबा पाय चेपत बसे आणि मनात म्हणे, दादा, तुमचा उतार तो माझा अजगर. आपल्या घराण्यातच हे आहे. लेकीला तो काही बोलला नाही. कोश होल्यापर्यंत गेला की आपण निवृत्त व्हायचं, तेवढे दिवस डोकं टिकलं म्हणजे मिळवली, एवढंच त्याने ठरवलं.

आणि मग त्याने खुंटी ठोकायला सुरुवात केली. वाचता वाचता जिथे असेल तिथे तो मजकुरातच लिहायचा, ‘इथेच होतो’. पान पळालं की तेच शब्द शोधायचे, सापडले की पुसायचे आणि पुढे जायचं. त्याला हायसं वाटलं. निदान आपण खरंच तिथे होतो याला काही तरी पुरावा होता. पण थकल्या माणसाची खुंटी ती. एक पुसायची राहिली, दोन राहिल्या. शोधायला जावं मुंगूस, तर यंत्र नेऊन उभं करी कासवापाशी आणि बिचारा कासवापासून पुन्हा वाचायला घेई.

शेवटी छापखान्यातून तोवरच्या पानांची कच्ची प्रत आली. संपादकबाईंनी शुद्धोबाला समोर बसवलं, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, “‘कासव दीडशे वर्षेही जगू शकते. इथेच होतो.’ कोण हो, शुद्धोबा?”

“मी,” शुद्धोबा म्हणाला.

“‘डासाची मादी साचलेल्या पाण्यात अंडी घालते. इथेच होतो.’”

आडोशापलीकडे चित्रवाला हसता हसता खुर्चीसकट आडवा झाला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “थोडे दिवस विश्रांती घ्या. पुढचं दुसरं कुणी बघेल. तुमच्या मुलीला बोलावलंय मी, हे सगळं काढायला.”

लेक दुपारी आली. तिचेही डोळे तारवटलेले होते. तिने खुर्ची ओढली आणि बापाजवळ बसली.

“बाबा, हे काय लिहून ठेवलंत?”

शुद्धोबाने आडोशाकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “बयो, दादांसारखं व्हायला लागलंय मला. मी पुढे जातो आणि परत पहिल्यालाच असतो. मधलं काही कळतच नाही.”

लेकीचा चेहरा उतरला. पण ती एवढंच म्हणाली, “वाचा बरं. मी बघते.”

शुद्धोबा वाचू लागला. मुंगसापाशी आला. आडोशापलीकडे चित्रवाल्याने चित्र हलवलं आणि सवयीने सेव्ह केलं. स्क्रीन मिटली, उघडली. अजगर.

“बघ,” शुद्धोबा कसाबसा म्हणाला. “मी हातसुद्धा...”

“नाहीच लावलात.” लेक उठली आणि आडोशाला वळसा घालून गेली. “अहो, जरा पुन्हा सेव्ह करा.”

“पुन्हा? आनंदाने!”

मिटली, उघडली. अजगर.

“अजून एकदा.”

अजगर.

ती परत आली ती कपाळावर हात मारतच. “बाबा, तुमचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. माझंच नव्हतं. कुणीही सेव्ह केलं की बाकीच्यांचा जुना मजकूर मी फेकते आणि नवा आणून ठेवते. त्यात कोण कुठे बसलं होतं, हे विचारतच नाही. लग्नघरात झोपलेल्या पाहुण्यांखालच्या सतरंज्या ओढाव्यात तसं.”

शुद्धोबाने मिशीवरून बोट फिरवलं. मग नाक ओढून म्हणाला, “म्हणजे मिशी गेली म्हणायची.”

पण दुरुस्तीही सरळ झाली नाही. ती तपासायला म्हणून बाईंनी शुद्धोबाला तेवढं बसू दिलं. लेकीने यंत्राला सांगितलं, माणूस कितव्या ओळीवर आहे ते लक्षात ठेव आणि मजकूर बदलला की त्याला त्याच ओळीवर सोड. इकडे चित्रवाल्याने गाढवाच्या चित्राखाली चांगला परिच्छेद घातला. वरचं वाढलं, खालचं सरकलं, आणि मुंगसावरचा शुद्धोबा जाऊन पडला मुंगीवर.

“अजगरावरून मुंगीवर आलो,” तो फोनवर म्हणाला. “प्रगती आहे, बयो.”

ती संध्याकाळी घरी आली आणि दमून भिंतीला टेकली. दादांची सायकल टेकडीवर चढली होती. “बसलो, उताराला लागलो, आणि...” फोन वाजला. दादा थांबले. डोळे मिचकावले.

लेकीने फोन बंद केला आणि सहज, पदर झटकावा तसं म्हणाली, “मोठे काका, उतार. उताराला लागला होतात.”

“हां, उतार!” दादा म्हणाले. “तर ब्रेक कुठे होते? सुटलो तो थेट खालच्या न्हाव्याच्या दुकानात. सायकल दारात, मी खुर्चीत! न्हाव्याने मान वर न करता विचारलं, दाढी का केस?”

शुद्धोबा हसला, हसता हसता त्याला ठसका लागला आणि डोळे पुसावे लागले. लेक मात्र हसायचं विसरून उभी होती.

“कितवी ओळ ते सांगून काय उपयोग,” ती पुटपुटली. “शब्दच सांगायला हवा.”

दुसऱ्या दिवशी तिने यंत्राला नवं शिकवलं. ओळी मोजू नकोस. माणूस ज्या शब्दावर आहे तो, त्याच्या शेजारपाजाऱ्यांसकट, ओळखून ठेव. वर कुणी काही वाढवो की कमी करो, तो शब्द शोध, डोळ्यांसमोर होता तितक्याच उंचीवर आण आणि माणसाला तिथेच बसव. चित्रवाल्याने हवं तेवढं सेव्ह केलं. मुंगूस जागचं हललं नाही. संपादकबाईंनी स्वतः येऊन पाहिलं आणि पुढचंही तुम्हीच बघा म्हणून शुद्धोबाची फाईल परत त्याच्या टेबलावर ठेवली.

तो होल्यापर्यंत पोचला तेव्हा त्याच्या ओठावर मिशी नव्हती आणि तो इतका थकला होता की त्याला आनंदसुद्धा बसूनच करावा लागला. आता खुंट्या उपटायच्या राहिल्या होत्या. लेक शोधत होती, तो पुसत होता. डास, कासव, घोडा.

“ही एक राहिली, बाबा. गाढव.”

शुद्धोबाने वाचलं. ‘गाढव : कष्टाळू प्राणी. ओझे मुकाट्याने वाहतो. एकदा गेलेली वाट सहसा विसरत नाही. इथेच होतो.’

त्याचं बोट पुसायच्या बटनावर गेलं आणि तिथेच थांबलं.

“राहू दे,” तो म्हणाला.

“अहो, छापून येईल!”

“येऊ दे की. उद्या खरंच दादांसारखं झालं, तर कोश काढून मला हेच पान वाचून दाखव.” त्याने चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले. “म्हणावं, बाबा, गाढव. गाढवापाशी होतात.”