दमलीयस तू

ती भूलतज्ज्ञ होती. ऑपरेशनच्या टेबलावर भेदरून पडलेल्या माणसाच्या कानाशी वाकून ती काहीतरी साधंच बोलायची, आणि बोलता बोलता त्याचे शब्द लांबत, सैल होत विरून जायचे. तो क्षण तिला अचूक कळे. तिने मान हलवल्याशिवाय मोठमोठे सर्जनही रुग्णाला हात लावत नसत.

घरी मात्र ती सारखी चुकायची. निदान नवरा तसं म्हणायचा, तेही आवाज न चढवता, तिच्या केसांवरून हात फिरवत. तिने निरोप सांगितलाच नव्हता. चारचौघांत ती भलतंच बोलली होती. बढतीसुद्धा तिला कीव येऊन दिली होती. ‘दमलीयस तू,’ तो म्हणे, आणि तिला खरंच दमल्यासारखं वाटे.

मग एका सकाळी स्वयंपाकघरातली खिडकी दिसेना. ओट्यावर नुसती पांढरी भिंत. तिने विचारलं तेव्हा नवरा काळजीने हसला. इथे खिडकी कधीच नव्हती म्हणाला. तिने भिंतीला तळवा टेकवला. उन्हात तापलेल्या काचेसारखी ती कोमट लागली. तिने हात काढून घेतला आणि दिवा लावून चहा टाकला.

रविवारी धाकटी बहीण आली. आत पाऊल टाकताच म्हणाली, ‘ताई, खिडकी का गं बुजवलीत? केवढा अंधार झालाय.’

तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. पण नवऱ्याने बहिणीपुढे कप ठेवत मऊपणे तेच सांगितलं. बहीण हसली, भिंतीकडे बघत राहिली.

‘हो... माझाच काहीतरी... गोंधळ झाला.’

हा सैल होत विरत जाणारा आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता. तिने बहिणीचा दंड धरला, रुग्णांना जागं करताना देते तशी करडी हाक दिली, आणि स्वतः अनवाणीच तिला जिन्यावरून खाली नेलं. नवऱ्याने अडवलं नाही.

त्या रात्री बहिणीच्या घरी तिला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी टेबलावर ऊन सांडलं होतं. तिच्या मळक्या पायांवरून दोघी पोट धरून हसत होत्या, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. ताई आता परत येणार नाही, असं बहिणीने त्याला ठणकावून सांगितलं. मग बहीण त्याचं ऐकू लागली.

‘घरीच आहे होय? झोपलीय?’

ती धडपडत उठली, बहिणीला हाका मारू लागली, खांदे धरून हलवू लागली.

‘नाही हो भाऊजी,’ बहीण सावकाश म्हणाली, ‘इथे... मी एकटीच आहे.’ आणि मोकळ्या हाताने तिने समोरची खुर्ची टेबलाखाली सरकवली.