स्टेबल

शुक्रा चिकूच्या झाडावरून पडला तो सोमवार होता. डहाणूजवळच्या कैनाड गावाहून तो रोज एका वाडीत चिकू उतरवायला जायचा. पायाखालची फांदी मोडली आणि डोकं खालच्या दगडावर आपटलं. डहाणूच्या दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं नाही. रात्रीच्या आत त्याला हद्दीपलीकडे, गुजरातेतल्या मोठ्या इस्पितळात नेलं. बायको बारकी आणि मोठी मुलगी निलम सोबत गेल्या.

निलम बारावीला होती. घरात इंग्रजी येणारी ती एकटीच, म्हणून डॉक्टरांशी बोलायचं तिच्याकडे आलं. डॉक्टर आयसीयूच्या दारात दोन वाक्यं बोलायचे आणि निघून जायचे. बुधवारीही ते एवढंच म्हणाले, "पेशन्ट स्टेबल छे."

म्हणजे काय, बारकीने विचारलं. निलमला शब्द ठाऊक होता. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं, तो लॅटिनमधल्या 'उभं राहणे' या शब्दावरून आला, आपला 'स्थिर' त्याच्याच गोतातला. तेच तिने आईला सोपं करून सांगितलं.

"बा सावरला, आई. आता उभा राहील."

बारकी तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. धाकटी चिमी घरी तापाने पडली होती, शेजारणीच्या भरवशावर. तू जाऊन ये, इथे मी आहे, असं निलमनेच आईला म्हटलं. गुरुवारी सकाळी बारकी निघाली. ती वेळ भेटीची नव्हती, म्हणून नवऱ्याला न बघताच गेली.

दुपारी शुक्रा वारला.

काल तर स्टेबल होता, असं निलम पुन्हापुन्हा म्हणत राहिली. तलासरीकडची एक नर्स होती, तिने तिला बाकावर बसवलं.

"आणला तेव्हा जसा होता तसाच होता, पोरी. आणखी बिघडला नव्हता, एवढंच. बरा होता असं कोणी म्हटलं नव्हतं."

दिवसकार्य झालं तरी बारकी येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होती, मला धीर धरवला नाही, मी त्याला टाकून आले. काका लहान्या तिची समजूत काढून थकला. निलमला ते ऐकवेना. एका सकाळी आई चुलीपाशी एकटी असताना तिने सगळं सांगून टाकलं. बा बरा आहे असं डॉक्टर म्हणाले नव्हते. ते मी म्हणाले होते.

बारकीने लाकूड आत सरकवलं.

"तू नसतं सांगितलंस तर मी गेले नसते," ती म्हणाली.

रागाने म्हणाली नाही, आणि पुन्हा कधी म्हणालीही नाही. त्या दिवसापासून दोष स्वतःकडे घेणंही तिने थांबवलं.

महिन्याभराने लहान्या इस्पितळातून शुक्राचे कागद घेऊन आला. सगळे इंग्रजीत होते. निलम ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. बारकीने कागद पदराखाली धरले, तिच्या शेजारून खाली उतरली आणि मास्तरांकडून वाचून घ्यायला शाळेच्या वाटेला लागली.