अडतीस देठ

शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी घरच्या सुनेने, विसालने, व्हरांड्यातली मोठी कुंडी पाहिली. फुलं जागेवर होती. पानं नव्हती.

एकवीस गुलाबी फुलं उघड्या दांड्यांवर उभी होती आणि त्यांच्या बुडाशी बशीएवढा तपकिरी कंद उघडा पडला होता. पानं ओरबाडलेली नव्हती. प्रत्येक पान देठासकट, कंदापासून हलकेच पिळून ओढून काढलेलं होतं. ही पद्धत विसालनेच सासूला शिकवली होती, सुकलेली फुलं काढण्यासाठी. सायक्लामेनला कात्री लावली की खुंट राहतो, खुंट कुजतो आणि कूज कंदात उतरते.

विसाल वरच्या आळीत एका घरी समाचाराला गेली होती, सकाळी साडेअकरापासून. ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात गेली. सासू, उम्म रिबही म्हणजे रिबहीची आई, मोठं पातेलं पालथं घालत होती.

"खालती, कुंडीतली पानं कुठं गेली?" आमच्याकडे बऱ्याच सुना सासूला खालती, म्हणजे मावशी म्हणतात.

"कुठं जाणार? पोटात."

"कुणाच्या?"

"नर्दीनच्या. तुझी नणंद आली होती जेवायला. पाच दिवस फोनवर एकच गाणं, झामतूतची पानं भर, झामतूतची पानं भर. सातवा महिना लागलाय पोरीला. नाही म्हणू?"

झामतूत म्हणजे तेच सायक्लामेन. थंडीत डोंगरात खडकांच्या कपारीतून ते आपोआप उगवतं आणि प्रत्येक घरी त्याच्या पानांत तांदूळ नि खिमा भरून सुरळ्या करतात. उम्म रिबहीच्या बागेत दगडी गडग्याच्या कडेलाही ते आहे. सासऱ्यांनी लावलेले कंद आहेत. पण यंदा हिवाळ्यातला पाऊस महिनाभर लांबला आणि जानेवारी उजाडला तरी गडग्याची पानं नाण्याएवढीच होती.

"गडग्याची का नाही घेतलीत?"

"घेतली की. पन्नास-एक निघाली. त्यात काय होतंय? एकेकीत चार दाणे तांदूळ मावतो. आणि इथं व्हरांड्यात तुझी ती तळहाताएवढी पानं, हिरवीगार. तू म्हणालीस पाणी घालू नका. मी थेंब घातला नाही. पानं तोडू नका असं कधी म्हणालीस?"

ते खरं होतं. विसालने पाण्याचं सांगितलं होतं, दुसरं काही सांगितलं नव्हतं.

ती कुंडी तिने दोन हिवाळ्यांपूर्वी शहरातल्या रोपवाटिकेतून आणली होती. घरात तेव्हा पहिला टोमणा बसला होता: डोंगरात फुकट उगवतं ते विकत आणलं. विसालने मनावर घेतलं नाही. मे महिन्यात पानं पिवळी पडली तेव्हा तिने कुंडी जिन्याखाली सावलीत आडवी ठेवली आणि सासूने कचऱ्यात टाकायला काढली तेव्हा परत आणून ठेवली. सप्टेंबरात पहिलं पाणी दिलं, तेही खालच्या ताटलीतून, कारण वरून घातलेलं पाणी कंदाच्या खळग्यात साचतं. पानं वाढली की ती एकेक करून बाहेरच्या बाजूला वळवायची, मधल्या कळ्यांना उजेड मिळावा म्हणून. दोन उन्हाळे तिने ते झाड असं पार नेलं.

डिसेंबरात माती ओली असूनही एका बाजूची पानं लोळली. विसालने बोट घालून पाहिलं. मुळांत पांढऱ्या, बिनपायांच्या अळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती शहराच्या बाजारातल्या अबू कुसैच्या दुकानातून वर्तमानपत्राच्या पुडीत निळसर दाणे घेऊन आली. एक चमचा मातीत मिसळला आणि उरलेले तिळाच्या ताहिनीच्या रिकाम्या बाटलीत भरून जिन्याखाली ठेवले. ते विष मुळांतून वर चढून पानांत जातं, अळी त्यानेच मरते. झाड आठवड्यात सावरलं. पानं पूर्वीपेक्षा मोठी आली.

हे तिने घरात कुणाला सांगितलं नाही. फुकटच्या झाडाला विकतचं औषध घातलं म्हटल्यावर काय ऐकावं लागेल ते तिला माहीत होतं. या गोष्टीला शुक्रवारी नऊ दिवस झाले होते.

"खालती, मी त्यात औषध घातलं होतं."

"कसलं औषध?"

"अळ्या मारायचं."

उम्म रिबहीने हात पुसले. मग परत पुसले. "मी पानं दोनदा उकळली. कडू पाणी ओतून दिलं, दोन्ही वेळा."

"हे धुऊन जात नाही. पानाच्या आत असतं."

केराच्या टोपलीत देठ होते. गडग्याच्या पानांचे देठ दोऱ्यासारखे बारीक, कुंडीतले लांब, मांसल, तांबूस. विसालने लांब देठ ओट्यावर मांडून मोजले. अडतीस.

"ताटात कोणत्या सुरळ्या कुणाला वाढल्या?"

"मोठ्या सुरळ्या नर्दीनला."

"सगळ्या?"

"पोटुश्या पोरीला लहान वाढू? मी चार खाल्ल्या, बारक्यातल्या. रिबही शिवला नाही, त्याने कोंबडी खाल्ली. मोठ्यातल्या दहा डब्यात दिल्या जावयाला. पातेल्यात आहेत अजून पाच-सहा."

पातेलं पालथं होतं. उरलेल्या सुरळ्या बशीत होत्या. मोठ्या पानांच्या सहा होत्या. म्हणजे नर्दीनने बावीस खाल्ल्या होत्या, सव्वाच्या सुमारास. दोन वाजून वीस मिनिटांनी ती नवऱ्याबरोबर गाडीतून सासरी निघाली होती.

नर्दीनचा फोन वाजत राहिला. तिच्या नवऱ्याचा, अनानचा, लागत नव्हता. विसालने आतल्या खोलीत झोपलेल्या नवऱ्याला, रिबहीला, उठवलं. त्याने सगळं ऐकलं आणि तो एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचं होतंस."

तीन अठ्ठावीसला अनानने फोन घेतला. गावाच्या तोंडाशी सैन्याने बसवलेलं लोखंडी फाटक आहे, ते उघडतील तेव्हाच उघडतं. त्या दिवशी ते बंद होतं आणि तो तासाभरापासून रांगेत उभा होता.

"नर्दीन कुठाय?" रिबहीने विचारलं.

"मागे झोपलीय."

"उठव तिला."

"अरे, आत्ता डोळा लागलाय. मला खाईल ती."

"आधी उठव, मग बोल. आणि डब्यातलं काही खाऊ नको."

पलीकडून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग नर्दीनचा. "काय झालंय? आईला काही झालं?"

"आईला काही नाही. तुला मळमळतंय का?"

"सात महिने मळमळतंय मला, दादा. कोणती मळमळ सांगू?"

विसालने फोन घेतला आणि सगळं सांगितलं. मग नर्दीन म्हणाली, "वहिनी, बाळ हलतंय. आत्ता हललं." आणि मग, "मी किती खाल्ल्या तेही तुम्ही मोजलंत होय!" ती हसली, पण फोन अनानच्या हातात देऊन टाकला.

शहरातल्या इस्पितळात फोन लावला तर डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो औषधाच्या नावाचा. विसालला नाव माहीत नव्हतं. दुसरा प्रश्न डोळ्यांच्या बाहुल्यांचा होता: टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात का? तोंडाला पाणी सुटतंय का, घाम येतोय का? अनानने तिकडून पाहून सांगितलं, बाहुल्या लहान आहेत. पण ती उन्हाकडे तोंड करून बसली होती. तिला सावलीकडे वळवलं तर म्हणाला, मोठ्या झाल्यासारख्या वाटतात, खात्री नाही. घाम त्या उन्हात तापलेल्या गाडीत दोघांनाही आला होता.

"तिला आणा. जे घातलं ते घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवणापासून चोवीस तास तिला नजरेआड करायचं नाही."

रिबही ताहिनीची बाटली आणि बशीतल्या सहापैकी पाच सुरळ्या घेऊन फाटकाकडे गेला. सहावी उम्म रिबहीच्या हातात होती.

"ती इकडे द्या, खालती."

"मी खाऊन बघते. म्हाताऱ्या माणसाला काय होतंय ते कळेल तरी तासाभरात."

"द्या म्हणते ना."

"पंच्याहत्तर वर्षं पानं खातेय मी या डोंगरातली. पान कधी कुणाला बाधलं नाही."

"पान नाही बाधलं. मी घातलेलं बाधेल."

उम्म रिबहीने सुरळी विसालच्या तळहातावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसली. गावातली नर्स चारला येऊन तिचा रक्तदाब घेऊन गेली. तो नेहमीसारखाच चढा होता.

फाटक चार पंचवीसला उघडलं. रिबही गाडी कडेला सोडून रांगेतल्या अनानच्या गाडीत बसला होता. पाच वाजून पाच मिनिटांनी ते इस्पितळात पोचले. बाळाचे ठोके एकशे अठ्ठेचाळीस होते, म्हणजे ठीक. नर्दीनच्या बाहुल्या दोन्ही सारख्या, थोड्या लहान. खोलीतला दिवा प्रखर होता, असंही कागदावर लिहिलेलं आहे.

इकडे विसाल अबू कुसैच्या घरी गेली. तो आमच्याच गावचा, दुकान मात्र शहरात, फाटकापलीकडे. शुक्रवारची सुट्टी म्हणून घरीच होता.

"दोन पोती आहेत," तो म्हणाला. "एक सौम्य, एक जोराचं. दाणा सारखाच, निळा."

"मला कोणत्यातलं दिलंत?"

"तू काय म्हणाली होतीस? अळी म्हणालीस की किडे?"

"मुळात पांढरं काहीतरी आहे म्हणाले."

"मग जोराचं द्यायला हवं." त्याने हनुवटी खाजवली. "पण त्या आठवड्यात जोराचं संपलं होतं. नवं पोतं आलं ते... बुधवार होता का तो? आलं तेव्हा शिवलेलंच होतं. मी उघडलं नाही. भावाने उघडलं असेल तर माहीत नाही."

"उघडलेलं नसेल तर?"

"तर तुला सौम्यच गेलं. ते मांजराने चाटलं तरी चालतं. बाई, पण तू ते खायच्या झाडाला घातलंस कशाला?"

"ते खायचं झाड नाही, चाचा. फुलाचं आहे."

"आपल्याकडे?"

तेव्हा सहा वाजायला आले होते आणि सहाला फाटक सकाळपर्यंत बंद होतं. अबू कुसैने पहाटे पहिल्या गाडीने जायचं कबूल केलं.

सव्वासातला रिबहीचा फोन आला. रक्ताच्या तपासणीत जो आकडा विषाने उतरतो तो उतरलेला होता, पण थोडाच, आणि गरोदरपणात तो तसाही उतरतो. नर्दीनचा आधीचा आकडा कुणाकडे नव्हता. बाटलीतले दाणे दुसऱ्या शहरात पाठवायचे होते आणि तिथून उत्तर यायला तीन दिवस लागणार होते. उतारा हाताशी होता. पण नाव कळेपर्यंत, लक्षणं स्पष्ट दिसेपर्यंत, सात महिन्यांच्या पोटावर तो टोचायला डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या. जोराचं असेल तर मात्र वाट पाहायची नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या.

"नर्दीन काय करतेय?" विसालने विचारलं.

"भूक लागलीय म्हणते. देऊ देत नाहीत."

"माझ्यावर चिडलीय?"

"आईवर चिडलीय. आणि आई तुझ्यावर. तू झोप आता थोडी."

झोप कुणालाच आली नाही. उम्म रिबही नमाज आटपून व्हरांड्यात जाऊन बसली, कुंडीपासून दोन हातांवर. एकदा तिने विचारलं, "आता हे मरेल?"

"नाही. कंद शाबूत आहे. तीन आठवड्यांत नवी पानं फुटतील."

"मरू दे म्हणत नाही मी," उम्म रिबही म्हणाली. "विचारलं फक्त."

शनिवारी सकाळी साडेसहाला नर्दीनला एक उलटी झाली. अनानचं म्हणणं, तिला रोज पहाटे होते. नर्सने वेळ लिहून घेतली. बाळाचे ठोके एकशे बेचाळीस. नर्दीनची नाडी आदल्या संध्याकाळपेक्षा सात ठोक्यांनी मंद होती. ती रात्रभर पडून होती म्हणूनही असेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चोवीस तास दुपारी सव्वा वाजता पुरे होणार होते.

सात बावन्नला अबू कुसैने दुकानाचं शटर वर केलं. विसाल फोनवर होती, उम्म रिबही तिच्या कानाशी कान लावून. मागच्या खोलीत गेल्याचा, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.

"अबू कुसै? शिवलेलं आहे का?"

"थांब."

जोराच्या पोत्याची शिवण उसवलेली होती. वरचे चार बोटं दाणे गेलेले होते. ते कोणत्या दिवशी उघडलं, विसाल दाणे घेऊन गेली त्याआधी की नंतर, ते त्याला सांगता येईना. भावाला विचारतो म्हणाला. आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत त्याने तीनदा फोन लावला होता. भाऊ उचलत नव्हता.