खालच्या दोन हातांमधलं अंतर

शोरूममधल्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागे ती फरशीवरच बसली आणि त्याच्या खालच्या दोन लोखंडी हातांमध्ये टेप ताणला. अवजार याच हातांना पिनांनी अडकतं, वरचा दांडा त्याला फक्त तोलून धरतो. हातांमधलं अंतर जुळलं नाही, तर भारीतला ट्रॅक्टरसुद्धा अवजारापुढे नुसता उभा राहतो.

“ताई, इंजिन तरी बघा,” विक्रेता म्हणाला. “लोक आधी ताकद विचारतात.”

“शेजारचा दाखवा.”

शेजारचा जास्त ताकदीचा होता आणि घरच्या, ढेकळं फोडणाऱ्या रोटाव्हेटरला जसाच्या तसा बसला असता. तिने नाक मुरडलं. पहिल्याचे हात वीतभर जवळ होते. तिने तोच घेतला.

वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या भावाने वडिलांचा ट्रॅक्टर उचलला आणि हिच्या वाट्याला गोठ्यामागची अवजारं टाकली. “चिमे, तुलाही काहीतरी नको का?” असं म्हणून वर हसलाही. तेव्हापासून दर हंगामात तो न विचारता यायचा, तिचा रोटाव्हेटर जोडून न्यायचा आणि पाती वाकवून, चिखलासकट परत आणून टाकायचा. तिचं रान मात्र भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत पडून राहायचं. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, तोंडातून निघायचं ते “चहा टाकू का?” एवढंच.

वेल्डरने रोटाव्हेटर पाहून कपाळाला हात लावला.

“चांगलं अवजार कापायचं कशाला? ट्रॅक्टर बदलून घ्या की.”

“पिना आत घे. दादाच्या ट्रॅक्टरला हा या जन्मी बसता कामा नये.”

ठिणग्या उडाल्या तसं तिला आतून गार वाटलं. मग कितीतरी दिवस दादाचा पडलेला चेहरा डोळ्यांपुढे आणून ती कणीक मळता मळता एकटीच हसायची.

दादा आला तो नव्याकोऱ्या छोट्या ट्रॅक्टरवर.

“जुना विकून टाकला,” गाडी मागे घेत तो ओरडला. “याचे हात जवळ आहेत. तुझ्या पिना आत घ्याव्या लागणार बघ, चिमे.”

तो खाली उतरला, वाकला. हातांची टोकं पिनांवर अलगद सरकली.

“आयला, अगदी मापात! आधीच करून घेतलंस?” शेडमधला तिचा ट्रॅक्टर त्याला आत्ता दिसला. “तूही घेतलास? झकास. एक बिघडला तर दुसरा आहे.”

तिचा चेहरा उतरला. एवढी मोजमापं, एवढी कापाकापी केली, आणि अवजार त्याला आयतं ताटात वाढून दिल्यासारखं झालं. दादा शीळ घालत वरचा दांडा जोडायला लागला. ती पुढे झाली आणि तिने ट्रॅक्टरचा एक हात पिनेवरून ओढून काढला.

“अगं, बसतोय की नीट!”

“बसतोय,” ती म्हणाली. “पण मी देत नाही.”

दादा हसला. ती दुसऱ्या हाताकडे वळली तेव्हा त्याचं हसू थांबलं.