थांऽऽब

"बाई, तुम्ही मधे बोलू नका," बैलांचा दलाल मला म्हणाला आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

मधे बोलू नका म्हणे! अरे बाबा, त्या घरात बोलायला दुसरं आहे कोण? घरच्या बाईला ऐकू येत नाही, तिच्या नवऱ्याला बोलता येत नाही. मी तोंड मिटलं तर त्या घरात आवाज फक्त भांड्यांचा.

त्यांची आमची भिंतीला भिंत. तो गडी मला थोरल्या दिरासारखा, मी त्यांना दादा म्हणते. गाव म्हणायचं भोंगा. ओढ्यापलीकडून हाक मारली तर माझ्या चुलीपुढं ऐकू यायची, असला गळा. आणि नशीब बघा, लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाच त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, क्षय झाला. इंजेक्शनं टोचून टोचून छाती बरी झाली आणि कान गेले. डॉक्टर म्हणाला, औषधानं होतं असं कधी कधी. झालं, विषय संपला.

मग भोंग्यानं काय करावं? बायकोशी बिनआवाजाचं बोलायला लागले. नुसते ओठ हलवायचे, सावकाश. आम्ही बायका निंदायला बसलेल्या, दादा नांगर वळवायला आमच्याजवळ आले की ओठ हलवायचे, आणि इकडं वहिनी हसून लोटपोट.

"वहिनी, काय म्हणाले हो?"

"सांगण्यासारखं नाही!" हे त्या इतक्या मोठ्यानं ओरडायच्या की सगळ्या शिवाराला कळायचं. स्वतःचा आवाज कुठं कळत होता त्यांना?

आमचे ओठ त्यांना अर्धेमुर्धे कळायचे. दादांचे ओठ म्हणजे मात्र त्यांचे कान.

मागच्या उन्हाळ्यात, ढेकळं तापून दगड झाली होती तेव्हा, नांगर धरलेला असतानाच दादा खाली बसले. लकवा. उजवा हात गेला, पाय गेला, तोंड डावीकडं ओढलं गेलं आणि बोलणं पार गेलं. एकच शब्द राहिला. थांब. बैलांना म्हणायचे तोच. पडताना तोंडात तोच होता म्हणून राहिला की काय कोण जाणे. भूक लागली, थांब. पाठ खाजली, थांब. मी दारात दिसले तरी थांब. डॉक्टर म्हणाला, शब्द डोक्यात आहेत, बाहेर यायची वाट सापडत नाही, रोज सराव करून घ्या. कोण घेणार सराव? जिला ऐकू येत नाही ती? मीच बसायची तांब्या दाखवत. "दादा, पाणी म्हणा. पाऽणी." ते जीव एकवटून तोंड उघडायचे, "थांब." स्वतःच ऐकायचे आणि रडायचे. मानेचंही तसंच. हो म्हणायचं असलं तरी मान हलते, नाही म्हणायचं असलं तरी तशीच हलते.

वहिनी समोर बसून त्या वाकड्या ओठांकडं बघत राहायच्या. बघून बघून डोळे दुखायचे, सापडायचं काही नाही. एकदा मला म्हणाल्या, "अगं, मी खरी बहिरी आत्ता झाले."

नांगर तेव्हापासून भिंतीला टेकलेला. तांबड्या आणि बांड्या दावणीला बसून खातायत, वैरण संपत आलेली. वहिनींचा भाऊ आला. भाऊ वाईट नाही, बहिणीची काळजी असलेला माणूस. म्हणाला, "ताई, जमीन वाट्यानं देऊ, बैल काढू. तू एकटी काय काय करशील?"

मग परवा सकाळी वहिनींनी दादांची हनुवटी धरून विचारलं, "अहो, तांबड्या-बांड्याला विकू का? सांगा मला." दादांनी मान हलवली. जोरजोरात हलवली.

"वहिनी, त्या मानेवर जाऊ नका!" मी त्यांच्यापुढं जाऊन ओठ हलवले, हात हलवले.

"हो म्हणाले. दिसलं ना मला," वहिनी म्हणाल्या आणि डोळे पुसत दावणीकडं गेल्या.

रस्त्यावर गाडी लावून आलेल्या दलालानं बैल सोडले. ओसरीवरच्या खाटेवरून दादांनी बघितलं. आणि काय सांगू, उन्हाळ्यापासून ज्या गळ्यातून नुसती घरघर यायची, त्यातून जुना भोंगा वाजला. "थांऽऽब!"

बैल जागच्या जागी थांबले.

दलालानं कासरा ओढला, शेपटी पिरगाळली. बैल दोन पावलं हलले. पुन्हा, "थांऽऽब!" पुन्हा खूर रोवले. मी भावाला म्हणाले, "ऐकताय ना? नको म्हणतायत ते!" तेव्हा तो दलाल मला म्हणाला, मधे बोलू नका. मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. पण भाऊ हळूच म्हणाला, "बाई, मघाशी चहा दिला, तेव्हाही दाजी थांबच म्हणाले. आता यातलं खरं कुठलं धरू?"

मी ओसरीकडं वळून बघितलं, दादांची मान हलत होती, नेहमीसारखीच.

वहिनींची पाठ ओसरीकडं होती. त्यांना दिसले नुसते अडलेले बैल. त्यांनी दलालाच्या हातातून कासरा घेतला, तांबड्याची मान खाजवली, बांड्याच्या कपाळावर हात फिरवला आणि पुढं चालू लागल्या. लहानपणापासून त्यांच्या हातचं खाल्लेलं ते जित्राब. तांबड्यानं एकदा मागं वळून ओसरीकडं बघितलं, मग दोघंही निघाले. मागं दादा, थांब, थांब, थांब, आवाज चिरेपर्यंत. पुढं वहिनी, पदरानं तोंड पुसत, थेट गाडीच्या फळीपर्यंत. त्यांनी एकदाही मागं बघितलं नाही. बघतील कशाला? त्यांच्या मागं शांतच होतं सगळं.

गाडी धूळ उडवत गेली. वहिनी परत आल्या तेव्हा दादा गप्प पडले होते.

"अगं, बैल अडले का होते?" त्यांनी मला विचारलं.

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण गाडी गेली होती. मी एवढंच ओठ हलवून म्हटलं, "दादा थांब म्हणत होते."

वहिनींनी माझे ओठ नीट वाचले. "ते तर रोजच म्हणतात गं," त्या म्हणाल्या. "तहान लागली असेल."

त्यांनी पाणी आणलं, दादांची मान दंडावर घेतली, भांडं तोंडाला लावलं. अर्धं पाणी लुळ्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. दादा प्यायले. काय करतील? भांडं रिकामं झालं तसा त्यांनी डाव्या हातानं वहिनींचा पदर धरला आणि अगदी हळू म्हणाले, "थांब."

वहिनींनी पदर सोडवून घेतला आणि आणखी पाणी आणायला उठल्या.