काशीबाईच्या फोनचा निवाडा

माणसाला विवेक दिलेला आहे तो समोरच्या दोन गोष्टींतली बरी कोणती हे ओळखण्यासाठी, आणि या एका गुणामुळेच तो इतर प्राण्यांहून वेगळा ठरतो. कुबलांच्या मंगेशला आणि सत्यवानला तो दोघांत मिळून एकच दिलेला असावा. आईसारखाच तोही एक महिना थोरल्याकडे आणि एक महिना धाकट्याकडे राहत असावा, आणि गरज पडेल तेव्हा नेमका दुसऱ्याकडे असावा.

आईचं हे वाटप सहा वर्षांपूर्वी झालं. मालवणच्या किनाऱ्यावरचं घर, त्याच्या मधोमध चिऱ्याची भिंत घातली. ही भिंत दुसऱ्याने चार बोटं आपल्या बाजूला सरकवली, असं दोन्ही भावांचं म्हणणं आहे. एकच भिंत दोन्हीकडे कशी सरकली ते गवंड्यालाच ठाऊक. भिंतीला दार नाही. त्यामुळे काशीबाई सम महिन्यांत मंगेशकडे आणि विषम महिन्यांत सत्यवानकडे राहते, आणि महिनाअखेरीस अंथरूण काखेत मारून अंगणातून वळसा घालून पलीकडे जाते. विषम महिन्यांत वर्षाला तीन दिवस जास्त भरतात हे सत्यवानने पहिल्याच वर्षी मोजलं आणि थोरल्याला कळवलं. कळवलं म्हणजे गुरुदासमार्फत. भावांची बोलाचाली तेव्हापासून बंद आहे. भांडण बंद नाही. ते मावसभाऊ गुरुदासच्या तोंडून चालतं. गुरुदास कुडाळच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर आहे. वस्तू मोजून आत घ्यायची आणि मोजून बाहेर द्यायची, एवढंच तो जाणतो. दोघांचाही त्याच्यावर सारखाच विश्वास आहे, म्हणजे जेमतेम.

काशीबाई मासे विकते. बाजारातली गिऱ्हाइकं आहेतच, पण खरा आधार कुडाळच्या स्वरूपच्या हॉटेलचा. रोज दुपारी चारला त्याचा फोन येतो, उद्या काय हवं ते तो सांगतो, मग ही पाचला जेटीवर लिलावाला जाते. आता स्वरूप तळेऱ्याला हायवेवर दुसरं हॉटेल काढत होता. त्याने सांगून ठेवलं होतं की एकतीस ऑक्टोबरला चार वाजता फोन करीन, तेव्हा दोन्ही हॉटेलांच्या माशांचं पक्कं करू. नाहीतर मग हिराबाई आहेच. हिराबाई जेटीवर काशीबाईच्या शेजारी बसते आणि वीस वर्षं याच वाक्याची वाट बघते.

दोन हॉटेलं मिळाली तर काशीबाई घरामागच्या खोपीवर पत्रे घालणार होती. त्या खोपीत जाळी ठेवतात. जाळी बाहेर, आपण आत, आपली चूल आपली. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं, म्हणजे सगळ्या वाडीला माहीत होतं.

आणि तीस तारखेला तिचा जुना फोन बर्फाच्या पेटीत पडला. उन्हात ठेवून पाहिला, तांदळात ठेवून पाहिला. तांदूळ तेवढे वाया गेले.

"माझो म्हयनो उद्या संपता," मंगेश गुरुदासला म्हणाला. "आता नवो फोन एक तारखेपासून जेच्याकडे ती ऱ्हवतली, तेणा घेवचो."

"तेका सांग," भिंतीपलीकडून सत्यवान गुरुदासला म्हणाला, "फोन मोडलो तो तेच्या म्हयन्यात."

इथे प्रकरण मिटलं असतं आणि काशीबाईने शेजाऱ्यांकडून एखादा जुना फोन मागून आणला असता. पण मंगेशची बायको किशोरी विहिरीवर बोलून गेली की सत्यवान मालवणात फोन बघायला गेला. सत्यवान गेला होता होडीसाठी डिझेल आणायला. हे ऐकून मंगेश तडक कुडाळला गेला. मंगेश कुडाळला गेला हे ऐकून सत्यवान डिझेल उतरवून परत मालवणात गेला. उद्या आईच्या हातात कोणाचा फोन दिसतो हे आख्खा मासळीबाजार बघणार होता.

एकतीस तारखेला दुपारी दोन वाजता अंगणात दोन खोके आले. मंगेशचा फोन नऊ हजार चारशे नव्व्याण्णवचा, सत्यवानचा नऊ हजार दोनशे नव्व्याण्णवचा. गुरुदासने रजा टाकली होती. तो कंपनीच्या पावतीच्या मागे उभ्या आडव्या रेघा ओढून बसला. जुन्या फोनातलं सिमकार्ड त्याने काढलं होतं.

"ता सिम खंयच्याय एकात घाल आधी," काशीबाई म्हणाली. "चाराक स्वरूपचो फोन येतलो."

"घाल. माझ्यात घाल," मंगेश म्हणाला.

"तेच्यात घातलंस काय मगे भायर कोण काढतलो?" सत्यवान गुरुदासला म्हणाला. "भिंत एकदा घातली, ती हटली काय?"

"तुझ्या फोनात घाल तर, गुरुदासा."

"माझ्यात जागा नाय, मावशी. एक सिम माझा, एक कंपनीचा. कंपनीचा काढलंय तर नोकरी जायत." त्याने सिमकार्ड एसटीच्या तिकिटात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं. "निकाल लागासर ह्या हय ऱ्हवांदे. धा मिन्टांचा काम."

"मगे तूच फोन लाव स्वरूपाक."

"नंबर सांग."

नंबर बर्फाच्या पेटीत गेला होता. काशीबाई पायरीवर बसली.

आधी रॅम. मंगेशच्यात चार. सत्यवान म्हणाला आपल्यात आठ, खोक्यावर छापलंय. गुरुदासने खोका डोळ्यांजवळ नेला. "चार अधिक चार लिवलाहा. पयले चार खरे. मागचे चार तुझ्याच साठवणीतले काढून दाखवतत."

"म्हणजे दुसऱ्याच्या बाजूची चार बोटां आपली म्हणून दाखवची," मंगेश आंब्याच्या झाडाकडे बघत म्हणाला. "सवय आसा."

मग बॅटरी. मंगेशची सहा हजार, सत्यवानची पाच हजार. सत्यवानने मंगेशचा फोन दोन बोटांनी उचलला आणि हात खाली गेल्याचं सोंग केलं. "तेका इचार, आवशीन डोक्यार पाटी घेवची काय फोन?"

"तेका सांग, हलक्या माणसाक सगळाच जड लागता."

कॅमेरे दोन्हीकडे पन्नास मेगापिक्सेल. दोघांनी एकाच बांगड्याचा फोटो काढला. मंगेशच्या फोटोत तो ताजा दिसला, सत्यवानच्या फोटोत शिळा. बांगडा कालचा होता. फोन खरं बोलतो म्हणून सत्यवानने गुण मागितला, फोनमुळे धंदा होईल म्हणून मंगेशने. गुरुदासने दोघांनाही अर्धा अर्धा दिला.

अंगणात कडक ऊन. गुरुदास म्हणाला, मावशी बाजारात उन्हात बसते, तेव्हा उन्हात दिसायला हवं. दोन्ही फोन उन्हात धरले. दोन्हींत काशीबाईचंच तोंड दिसलं. माझ्यात जास्त स्पष्ट दिसतं, असं मंगेशचं म्हणणं पडलं.

"ओल्या हातान चलता काय ता बघा," काशीबाई म्हणाली. हा दिवसभरातला एकमेव शहाणा प्रश्न होता, म्हणून तो शेवटी आला. तिने बादलीत हात बुडवला आणि दोन्ही फोनांवर बोट ठेवलं. मंगेशच्या फोनाने टॉर्च लावला. सत्यवानच्या फोनाने विचार न करता आपली भाषा तमिळ करून घेतली.

तमिळमधून परत यायला पंचवीस मिनिटं गेली. सत्यवान अंदाजाने बटणं दाबत होता, मंगेश फिदीफिदी हसत होता.

"गुरुदासा, तेका सांग, आता रामेश्वरमाक जावन मासे विकूक होयत आवशीक."

"तुझ्या आवशीक खाव," सत्यवानने शिवी हासडली. सहा वर्षांत थोरल्या भावाशी थेट बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.

"खा," काशीबाई म्हणाली. "हयच बसलंय. किती वाजले?"

गुरुदासने आपल्या फोनात बघितलं. "सव्वाचार."

"सिम?"

गुरुदासने खिसा चाचपला. "आसा."

"आसा ता माका म्हायत आसा. खंयच्याय एकात घाल म्हणून दोन तास सांगतंय."

"दोनच गोष्टी ऱ्हवल्यात, मावशी. फोन लागलो नाय तर स्वरूप परत करतलो. तेका गरज आसा मां?"

काशीबाईला हे पटलं. आयुष्यात तिने माणसांविषयी केलेल्या अंदाजांत हा एक जमेस धरायला हवा.

पहिली गोष्ट अंगठ्याची. फोन तिच्या अंगठ्याने उघडला पाहिजे. तिने मंगेशच्या फोनावर अंगठा ठेवला. परत ठेवा, असं फोन म्हणाला. नऊ वेळा ठेवला. सत्यवानचा चेहरा उजळला. मग त्याच्या फोनावर ठेवला. अकरा वेळा. मंगेशचा चेहरा उजळला. गुरुदासने तिचा अंगठा उलटा करून बघितला. सुरमई खवलून आणि बर्फ फोडून चाळीस वर्षांत त्यावरच्या रेघा गेल्या होत्या. अंगठा गुळगुळीत होता.

"ठसोच नाय गावना," तो म्हणाला.

"रेशनाच्या दुकानातय नाय गावना," काशीबाई म्हणाली. "दर म्हयन्याक मशनीक डोळो दाखवतंय. तुमका इचारूक सुचला नाय."

दोन्ही मुलगे आपापला फोन पुसायला लागले. रेशन आणायला ती कोणाच्या महिन्यात जाते, हा प्रश्न निघेल अशी दोघांनाही भीती वाटली असावी.

अंगठा नाही, मग आकडे घालू, असं गुरुदास म्हणाला. चार आकडे, आईला लक्षात राहतील असे. मंगेशने आपलं जन्मसाल घातलं. सत्यवानने आपलं. मंगेश म्हणाला, आईला थोरल्याचं साल आधी आठवतं. सत्यवान म्हणाला, धाकट्याच्या वेळी जास्त त्रास झाला, ते विसरणार नाही. दोघांनी आईकडे बघितलं.

"दोघांचाय आठवता," ती म्हणाली. "इसरूक होया होता."

पाच वाजले. जेटीवरचा भोंगा वाजला. रोज या वेळी ती लिलावाच्या घोळक्यात असते. ती उठली.

"आता बस गो आये, निकाल लागता," मंगेश म्हणाला.

"आता गेलंस तर निवाडो मोडात," सत्यवानही म्हणाला. दोघे एका बाजूने बोलले हे त्यांच्या ध्यानात आलं आणि दोघांनी तोंडं फिरवली.

गुरुदास बेरीज करत होता. फोनशिवाय जेटीवर जाऊनही स्वरूपशी बोलणं होणार नव्हतं, असा विचार करून ती परत बसली. हा अंदाजही जमेस धरावा.

बेरीज आली. मंगेशचा फोन साडेसहा, सत्यवानचा साडेसहा. गुरुदासने ती दोनदा तपासली. मग त्याने नाणं उडवायचं सुचवलं. मंगेशने खिशातून नाणं काढलं. सत्यवान म्हणाला, त्याच्या नाण्यावर माझा विश्वास नाही. सत्यवानने आपलं काढलं. दोन नाणी एकदम उडवायची का, यावर गुरुदास गंभीरपणे विचार करू लागला.

काशीबाई उठली. तिने गुरुदासच्या खिशात हात घालून एसटीचं तिकीट बाहेर काढलं.

"कप्पो उघडूची पिन दी."

पिन प्रत्येक खोक्यात एक होती. मंगेशने आपली कुडाळहून येतानाच पाकिटात ठेवली होती. सत्यवानने आपली चपलेखाली ठेवली होती. काशीबाईने पोलक्याला लावलेली सेफ्टी पिन काढली, जो फोन जवळ होता त्याच्या भोकात घातली, आणि कार्ड सरकवलं. तो सत्यवानचा होता की मंगेशचा हे तिने बघितलं नाही. दोघांनी मात्र बघितलं, आणि एकाने तोंड वाईट केलं.

फोनावर जरा वेळ एक चक्र गोल गोल फिरलं. मग त्यावर निरोप आला की या नंबरवर सात वेळा फोन येऊन गेला. पहिला चार वाजता, शेवटचा चार पन्नासला. सातही एकाच माणसाचे. काशीबाईने गुरुदासला नंबर लावायला सांगितला आणि फोन कानाशी धरला. आवाज मोठा होता. अंगणात सगळ्यांना ऐकू आलं. आवाजाला गुण द्यायचे राहिले होते.

"मावशी, किती फोन केलंय," स्वरूप म्हणाला. "लागाकच नाय. मालवणात सामान घेवक इलंलंय, म्हणान म्हटला जेटीरच जावन भेटूया. पाचाक गेलंय. तुम्ही नाय. रोज असतास, म्हणान अर्धो तास थांबलंय."

"मगे?"

"हिराबाई होती. दोन्ही हॉटेलांचा तिका देवन टाकलंय. येत्या मे म्हयन्यामेरेन. तुम्ही रागावू नकात."

"बरा," काशीबाई म्हणाली, आणि फोन पायरीवर ठेवला.

ती आत गेली. एकतीस तारीख होती. ती अंथरूण गुंडाळून बाहेर आली तेव्हा गुरुदास रेघा ओढलेली पावती घडी घालत होता. भाऊ जागचे हलले नव्हते.

"तेका सांग," मंगेश म्हणाला, "तेणा सिम घालूक दिल्यान असता तर ह्या झाला नसता."

"तेका सांग," सत्यवान म्हणाला, "माझ्यात घातल्यान असता तर."

गुरुदास पावती खिशात घालून आपल्या चपला शोधायला लागला. काशीबाई अंथरूण काखेत धरून अंगणातून वळसा घालायला लागली. ती खोपीजवळून पुढे गेली तेव्हा सत्यवानला एकदम काहीतरी सुचलं.

"आये," त्याने विचारलं, "हिराबाईकडे खंयचो फोन आसा? किती हजाराचो?"

मंगेशनेही मान वळवली. हे त्यालाही ऐकायचं होतं.

"तिच्याकडे फोन नाय," काशीबाई म्हणाली.