आमचा धूर

"अहो, धूर चालला! आमचा धूर चालला पलीकडे!"

शिवणक्लासच्या बाई ओट्यावरून ओरडल्या, तशी डासफवारणीवाल्या धूमकेतूने मशीनची नळी घाईघाईने खाली केली. पण धूर एव्हाना कुंपणाच्या भिंतीवर चढला होता. पलीकडे कोण राहतं ते पाहावं तसा तो तिथे क्षणभर थबकला आणि मग निवृत्त पोस्टमास्तरांच्या अंगणात उतरला. पोस्टमास्तर आरामखुर्ची टाकून तयारच बसले होते. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला. पायांनाही मिळावा.

"मास्तर, पैसे आम्ही भरलेत," बाई भिंतीवरून म्हणाल्या.

"मी कुठे नाही म्हणतोय? भरलेच असणार. तुमचं सगळं वेळेवर असतं."

"मग तुम्ही आत जा."

"माझ्या अंगणातून मी आत जाऊ? वा! उलट तुमचा धूर माझ्या हद्दीत आलाय. मनात आणलं तर भाडं मागेन."

बाई धूमकेतूकडे वळल्या. "आणि तुम्ही काय बघत उभे? अडवा की!"

"मास्तरांना?"

"धुराला!"

बाईंनी आतून पडद्याचं कापड आणलं. एक टोक त्यांनी हातांत धरलं, दुसरं धूमकेतूने दातांत धरलं, कारण हात मशीनला हवे होते. धूर कापडापर्यंत आला, जरा फुगला आणि खालून निघून गेला.

"आता गाळून येतोय," मास्तर डोळे मिटून म्हणाले. "आणखी छान."

धूमकेतू हे नाव त्याला गल्लीने दिलं होतं. मागे शेपूट असते म्हणून, आणि नगरपालिका त्याला क्वचितच पाठवते म्हणूनही. खांद्याला मशीन अडकवून डासांवर धूर सोडणं, हे काम तो तरुणपणापासून करत होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि हे चांगलं येतं असंही कधी कोणी म्हटलं नव्हतं. धूर यायचा, जायचा. त्याचा खर्च घरपट्टीतून व्हायचा, पण घरपट्टी भरताना धूर कोणाला आठवत नसे आणि धूर आला की घरपट्टी.

मग नगरपालिकेने घरपट्टी कमी केली. गल्लीत पेढे वाटायचेच बाकी राहिले. त्यानंतर आरोग्य खात्यात नवे साहेब आले आणि त्यांनी सगळ्या कामगारांना बोलावून फळ्यावर एक बाण काढला.

"यापुढे धूर ही सेवा आहे," साहेब म्हणाले. "ज्याला हवी त्याने पैसे भरावेत आणि फाटकावर निळी चकती लावावी. चकती दिसली की धूर. नाही दिसली, पुढे चला. बाजारात कसं असतं? पैसे देणाऱ्यालाच भाजी मिळते ना?"

धूमकेतूने हात वर केला. "साहेब, भाजी पिशवीत राहते."

"मग?"

"धूर राहत नाही."

साहेबांनी फळ्यावरच्या बाणाकडे पाहिलं. बाण सरळ होता. "ते तांत्रिक आहे," ते म्हणाले. "तुम्ही बघा."

तेव्हापासून तो बघत होता. अट एवढीच होती, की हंगाम संपेपर्यंत निम्म्या घरांवर चकत्या दिसल्या तर फवारणी चालू राहील. नाहीतर मशीन कोठारात आणि मशीनवाला घरी.

घरी तरी काय धड होतं? पुढच्या खोलीत बायकोचं दुकान होतं. साबण, काड्यापेट्या, सुई-दोरा असं सगळं ती ठेवायची, पण दुकान खरं चालायचं ते डासांवर. कॉइल, मच्छरदाण्या, अंगाला चोळायची मलमं. त्या संध्याकाळी तो आला तेव्हा ती कॉइलचे खोके झटकत होती.

"आलात मारून?"

"आलो."

"बरेच मेले?"

"बाईंकडचे मेले. मास्तरांकडचे फुकटात मेले."

"म्हणजे उद्या दोन्ही घरांचं गिऱ्हाईक गेलं." तिने फडकं आपटलं. "अहो, मला एक सांगा. मी कॉइल विकते, त्यावर कर भरते. बरोबर?"

"बरोबर."

"त्या करातून तुमचा पगार होतो."

"तो कर वरच्या सरकारला जातो. मग तिकडून खाली नगरपालिकेला येतो म्हणे. थोडा."

"येतो ना पण? मग त्या पगारावर तुम्ही डास मारता. डास मेले की माझी कॉइल पडून. कॉइल पडून की कर नाही. कर नाही की तुमचा पगार नाही. म्हणजे मी तुम्हाला पोसते आणि तुम्ही मला बुडवता."

धूमकेतूने मनातल्या मनात हे सगळं एकदा गोल फिरून पाहिलं. कुठेही बाहेर पडायला वाट नव्हती.

"मग काय, मारू नको?"

"मारा हो. कामच आहे तुमचं. पण जरा हळू मारा."

चकत्यांचं मात्र हळू काही चाललं नव्हतं. मास्तरांचं फुकटचं सुख पाहून समोरच्या छापखानेवाल्याने आपली चकती काढून टाकली. त्याचं पाहून शेजारच्या दोघांनी. बाईंनी काही दिवस तग धरला, मग एका सकाळी त्यांनी चकती ओल्या फडक्याने पुसून धूमकेतूच्या हातात ठेवली.

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"मी काय वेडी आहे? मी पैसे भरायचे आणि मास्तरांनी पाय शेकायचे! आता मीही खुर्ची टाकून बसते. येऊ दे कोणाचा तरी."

"कोणाचा येणार? कोणी भरणारच नसेल तर?"

"ते मी एकटीने का बघायचं?" त्या म्हणाल्या, आणि हे इतकं बरोबर होतं की धूमकेतूने चकती खिशात टाकली.

तो मास्तरांकडे गेला. मास्तरांनी त्याला बसवलं, चहा दिला.

"हे बघ, मी चिक्कू नाही," ते म्हणाले. "सगळे घेत असतील तर मी आत्ता घेतो."

"मास्तर, सगळे हेच म्हणतात."

"मग एकमत आहे की! अडलंय कुठे?"

"पूर्वी पैसे घरपट्टीतून जायचे तेव्हा तुम्ही भरत होतात."

"भरत होतो. कुरकुरत भरत होतो. तेव्हा न भरून सांगतो कोणाला? जप्ती आली असती. आता नगरपालिकाच म्हणते, हवं तर भरा. मी विचार केला, तर मला नको होतं."

"धूर?"

"भरायला. धूर हवाच आहे."

तो गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. कोणी त्याला हाकललं नाही, कोणी वाईट बोललं नाही. प्रत्येकाचं म्हणणं ऐकताना त्याची मान आपोआप हलत होती. एकेकट्याचं सगळ्यांचं बरोबर होतं, आणि सगळ्यांचं मिळून त्याची नोकरी जात होती. हे गणित कुठे चुकतंय ते शोधत तो चौकातल्या कट्ट्यावर बराच वेळ बसला. तिथे त्याला चार-पाच डास चावले. त्यांच्याविषयी आज त्याला काहीच वाटलं नाही.

शेवटी त्याने बाईंची चकती स्वतःच्याच पैशांनी घेतली आणि आपल्या दारावर ठोकली. निदान एक तरी दिसेल, एकीला पाहून दुसरी लागेल. हातोडीचा आवाज ऐकून बायको बाहेर आली.

"हे काय?"

"चकती."

"डासांच्या दुकानावर? म्हणजे येणाऱ्याला काय सांगायचं, इथे धूर मारलाय, कॉइलची गरज नाही? काढा आधी!"

"अगं, माझी नोकरी..."

मग तिने स्टूल आणलं, त्यावर चढली आणि चकती काढून दाराच्या आतल्या बाजूला लावली. "इथे असू दे," ती म्हणाली. "दार लावल्यावर आपल्याला दिसेल."

हंगाम संपला तसं साहेबांनी त्याला बोलावलं. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली.

"साहेब, पूर्वीसारखं घरपट्टीत घाला ना. थोडं थोडं, सगळ्यांकडून. धूर सगळीकडे जातो, पैसेही सगळीकडून येऊ देत."

"पटतंय मला. पण लोक कर कमी झाल्याने खूश आहेत. सर्वेक्षण केलंय आपण."

"लोक डास वाढले म्हणतात."

"हो, तेही आहे त्यात." साहेबांनी कपाळाला हात लावला. "लोकांना कर कमी हवाय आणि धूर जास्त हवाय. मी दोन्ही वर कळवलं. वरून विचारलं, यातलं खरं कोणतं?"

"मग?"

"दोन्ही खरं आहे असं लिहिलं. तर म्हणाले, असं चालत नाही." साहेबांनी कागद पुढे सरकवला. "तुमच्यासाठी ऐच्छिक निवृत्ती आहे."

"ऐच्छिक म्हणजे?"

"म्हणजे इच्छा वरची. सही तुमची."

त्याने सही केली. मशीन कोठारात ठेवताना टाकीत थोडं औषध शिल्लक होतं. कोठारवाला म्हणाला, ओतून टाका. धूमकेतूने ते परत डब्यात भरलं आणि झाकण घट्ट लावून मशीनशेजारी ठेवलं. मशीन चालू करायची वेळ आली तर शोधाशोध नको.

पुढच्या हंगामात बायकोच्या दुकानात काचेचं नवं कपाट आलं. एवढा धंदा कधीच झाला नव्हता. धूमकेतू गल्ल्यावर बसायला लागला. हिशेबात तो कच्चा होता, पण बसायला कोणीतरी हवं होतं.

एकदा बाई आणि मास्तर एकाच वेळी आले.

"प्रत्येक खोलीला कॉइल, शिवाय क्लासच्या मुलींना वेगळी," बाई म्हणाल्या. "चकती परवडली असती हो!"

"मी जाळी बसवली," मास्तर म्हणाले. "दाराला, खिडक्यांना. बाहेरचे डास आत येत नाहीत. आतले बाहेर जात नाहीत." त्यांनी पिंढरी खाजवली आणि बिल डोळ्यांजवळ धरलं. "हे काय? हा कर कसला?"

"कॉइलवरचा," बायको म्हणाली. "सरकारला जातो."

"आणि सरकार काय करतं त्याचं?"

तिघांनीही धूमकेतूकडे पाहिलं. सरकारात राहून आलेला तिथे तोच एक होता.

"पूर्वी मला द्यायचं," तो म्हणाला.

"आणि आता?"

त्याने विचार केला. चेहऱ्यावरून वाटलं, सापडलं. मग तो म्हणाला, "विचारायला हवं." कोणाला, ते त्याला सांगता येईना. मास्तरांनी सुटे पैसे मोजून ठेवले, करासकट.

दिवेलागण झाली तसा तो पायरीवर येऊन उभा राहिला. त्याची फेरी या वेळेला निघायची. निघताना गल्लीच्या तोंडाशी हाळी द्यायची, म्हणजे लोक अन्नपाणी झाकून घेतात, असा खात्याचा नियम होता. नियम नोकरीबरोबर संपला होता, पण गळ्याला ते कोणी कळवलं नव्हतं.

"झाकण ठेवा हो, झाकण!"

ओरडल्यावर तो स्वतःच दचकला. बायकोने आतून मान वर केली. गल्ली शांत होती. मग बाईंच्या स्वयंपाकघरात एक झाकण वाजलं. मास्तरांच्या जाळीआड दुसरं वाजलं. मग छापखानेवाल्याकडे, मग त्याच्या पुढच्या घरात, अशी एकामागून एक भांड्यांवर झाकणं पडत गेली, आणि तो पायरीवर उभा राहून ऐकत राहिला, टोकाचं घर होईपर्यंत.